युद्धात जिंकले, तहात हरले? व्हर्सायचा तह आणि त्याचं आजवर न मिटलेलं प्रकरण

पिंपळपान

मंडळी, गेले दोन महिने पहिल्या महायुद्धानंतरच्या तहांबद्दल मिळेल ते वाचतोय आणि एक प्रसंग डोक्यातून जात नाहीये, म्हणून हा धागा.

२८ जून १९१९, व्हर्सायचा आरसेमहाल. याच दालनात १८७१ साली बिस्मार्कने फ्रान्सला हरवून जर्मन साम्राज्याची द्वाही फिरवली होती, त्यामुळे जागा फ्रान्सचे पंतप्रधान क्लेमांसो यांनी नीट लक्षात ठेवून निवडलेली. तारीखही तशीच, ज्यावरून युद्ध पेटलं त्या साराजेव्होतल्या ऑस्ट्रियन युवराजाच्या खुनाला त्या दिवशी बरोब्बर पाच वर्षं झाली. आणि सहीच्या टेबलाजवळ पाच फ्रेंच सैनिक मुद्दाम बसवलेले, पाचही जणांचे चेहरे युद्धात छिन्नविच्छिन्न झालेले. कुणाला जबडा नाही, कुणाचं नाक गेलेलं. हर्मान म्युलर आणि योहानेस बेल हे दोन जर्मन मंत्री आत आले ते या पाच जणांसमोरून, सही केली, आणि बाहेर तोफा सुरू झाल्या. या दोघांनी युद्ध सुरू केलं नव्हतं, चालवलं नव्हतं. ज्यांनी चालवलं ते सेनापती घरी होते आणि कैसर हॉलंडमध्ये.

त्याआधी जानेवारीपासून पॅरिसमध्ये पाच महिने खल चालला तेव्हा जर्मनीचा एकही माणूस टेबलावर नव्हता. ७ मेला बोलावून मसुदा हातात दिला आणि सांगितलं की जे काय म्हणायचं ते लेखी द्या, तोंडी चर्चा नाही. रशियाला तर बोलावणंच नाही. ज्यांचे देश कापले जोडले गेले त्यातले बहुतेक दाराबाहेर ताटकळत.

शाळेत आपण शिकलो की तह फार जाचक होता म्हणून हिटलर आला. काही जण म्हणतात उलट फार सैल होता. मला आता वाटायला लागलंय की कडक की सैल हा प्रश्नच दुय्यम आहे, ज्यांना तो तह पाळत जगायचं होतं ते खोलीत नव्हते हे खरं दुखणं. तुम्हाला काय वाटतं? आणि १९१९ साली त्या लोकांच्या हातात खरंच वेगळं काही करण्यासारखं होतं का?

झुळूक

वाचतेय. त्या पाच सैनिकांचं माहीत नव्हतं. अंगावर काटा आला.

बखरवाला

चांगला विषय काढलात पिंपळपान, पण मी शाळेतल्याच बाजूचा. १३२ अब्ज सोन्याचे मार्क एवढी नुकसानभरपाई १९२१ साली लादली, अल्सेस-लॉरेन गेलं, सार खोऱ्यातला (Saar) कोळसा पंधरा वर्षांसाठी गेला, पूर्वेला पोलंडला समुद्रापर्यंत वाट द्यायची म्हणून प्रशिया मधोमध कापला, लष्कर १ लाखावर आणलं, विमानं नाहीत पाणबुड्या नाहीत, आणि वर कलम २३१ मध्ये सगळ्या नुकसानीची जबाबदारी तुमची हे कबूल करा. एवढा अपमान कोणतं राष्ट्र मुकाट गिळेल? अर्थतज्ज्ञ केन्स ब्रिटिश शिष्टमंडळातच होता, त्याला हे पटेना म्हणून त्याने जून १९१९ मध्ये राजीनामा दिला आणि त्याच वर्षी पुस्तक लिहून सांगितलं की याने युरोप बुडणार. बुडालाच की!

शिवाय तह पदरात पडेपर्यंत दोस्तांनी जर्मनीची नाकेबंदी उठवली नव्हती हे कुणी सांगत नाही. नोव्हेंबर १९१८ मध्ये बंदुका थंड झाल्या आणि नाकेबंदी पुरती उठली जुलै १९१९ मध्ये. तो अख्खा हिवाळा जर्मन पोरंबाळं अर्धपोटी होती. हे ज्याने लहानपणी भोगलं तो तिशीत कुणाला मत देईल?

खडीसाखर

बखरवाला, नाकेबंदीचं पूर्ण मान्य, त्याला काही उत्तर नाही. पण १३२ अब्जाचा आकडा जरा उघडून बघा, मी अर्थशास्त्र शिकवते आणि दरवर्षी वर्गात याच आकड्यावर अडते.

ती रक्कम तीन प्रकारच्या रोख्यांत वाटली होती, अ, ब आणि क. अ आणि ब मिळून ५० अब्ज, हे खरोखर वसूल करायचे. उरलेले ८२ अब्ज 'क' रोखे, ते कधी वसूल होतील यावर रोखे लिहिणाऱ्यांचाही विश्वास नव्हता, ते फ्रान्स आणि ब्रिटनमधल्या मतदारांना दाखवायला होते. म्हणजे आपल्या लोकांना वाटावं की जर्मनीला पिळून काढतोय. गंमत अशी की जर्मन मतदारानेही तोच मोठा आकडा वाचला. आकडा एक, तो दोन्हीकडे विष पेरत गेला, आणि पैसे मात्र १९३२ पर्यंत सगळे मिळून २० अब्जांच्या आसपासच आले, त्यातही रोख कमी, कोळसा-लाकूड-जहाजं जास्त. रुहर या जर्मनीच्या कोळशाच्या भागात फ्रेंच-बेल्जियन फौजा घुसल्या ते निमित्त तर टेलिग्राफच्या खांबांचं लाकूड वेळेवर पोचलं नाही हे होतं!

आणि १९२३ ची महागाई, एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क वगैरे, ती थेट तहाने आणली नाही. रुहरमधल्या कामगारांनी संप करून फौजांना दाद द्यायची नाही असं सरकारनेच ठरवलं, त्यांचे पगार द्यायला नोटा छापल्या, आणि त्याआधी अख्खं युद्धसुद्धा कर न वाढवता कर्ज काढून लढले होते, जिंकल्यावर शत्रूकडून वसूल करू या हिशेबाने. दिवसातून दोनदा पगार व्हायचा आणि लोक दुपारीच दुकानाकडे धावायचे कारण संध्याकाळी भाव बदललेला. नोटा एकाच बाजूने छापायचे, दुसरी बाजू छापायला वेळ कुणाला होता.

शेवटचा मुद्दा. मे १९२८ च्या निवडणुकीत नाझींना २.६ टक्के मतं. तहाला तेव्हा नऊ वर्षं झाली होती. सप्टेंबर १९३० मध्ये १८.३ टक्के, जुलै १९३२ मध्ये ३७.३. मधे काय झालं? मंदी, साठ लाख बेकार, आणि त्याही परिस्थितीत खर्च कापत बसलेलं सरकार. तह सरणाचं लाकूड होता असं फार तर म्हणा, काडी दुसऱ्याने लावली.

बखरवाला

खडीसाखर, आकड्यांबद्दल हात टेकले. पण लाकूड कुणी रचलं हे विचारणार ना मी? नऊ वर्षं धुमसत होतंच ते. एर्झबर्गरचं उदाहरण घ्या. नोव्हेंबर १९१८ मध्ये कोंपियेन्यच्या जंगलात रेल्वेच्या डब्यात युद्धबंदीवर सही करायला कोण गेलं, तर हा नागरी पुढारी. सेनापती म्हणाले तुम्ही जा. जून १९१९ मध्ये सरकारने लष्कराला सरळ विचारलं, लढता येईल का, तर सेनापती ग्रोनरने कळवलं की नाही. म्हणजे लढता येत नाही हे ठरवलं लष्कराने आणि सही केली नागरी मंत्र्यांनी. पुढे पाच महिन्यांत युद्धातला सरसेनापती हिंडेनबुर्ग चौकशी समितीपुढे सांगतो की सैन्याच्या पाठीत खंजीर खुपसला! ऑगस्ट १९२१ मध्ये एर्झबर्गर फिरायला गेला असताना गोळ्या घालून मारला. पुढच्या जूनमध्ये परराष्ट्रमंत्री राटेनाऊ. आणि पाठीत खंजीर म्हणणारा हिंडेनबुर्ग राष्ट्राध्यक्ष झाला.

याचा मला खरंच राग येतो. शंभर वर्षांनीही येतो.

खडीसाखर

इथे शंभर टक्के सहमत. पराभव ज्यांचा, सही त्यांच्याकडूनच घ्यायला हवी होती. १९४५ मध्ये दोस्तांनी नेमकं हेच केलं, शरणागतीवर कायटेल आणि योडल, दोघेही गणवेशात.

शंकासुर

आपल्याकडे पुरंदरचा तह नाही का! १६६५ ला २३ किल्ले दिले, महाराजांकडे १२ राहिले, आणि १६७० पासून एकेक परत घ्यायला सुरुवात. मिर्झाराजांनी सगळं घेतलं असतं तर?

मृदगंध

शंकासुर, पुरंदरवर वेगळा धागा काढा, मी पहिला प्रतिसाद देईन, नक्की. इथे पॅरिसमध्येच राहू.

नाना वाटाड्या

मी नोकरीनिमित्त नऊ वर्षं फ्रान्समध्ये काढली म्हणून दुसरी बाजू लिहितो, कारण अशा चर्चेत फ्रेंच नेहमी सूडाने पेटलेले म्हातारे म्हणून येतात.

व्हेर्दनजवळ फ्लोरी नावाचं गाव आहे. आहे म्हणजे, होतं. १९१६ मध्ये ते कितीतरी वेळा या हातातून त्या हातात गेलं आणि शेवटी एक भिंत उभी राहिली नाही. आज तिथे जंगल आहे, आणि जंगलात पायवाट. जमीन सपाट नाही, सगळीकडे गवत उगवलेले खड्डे, मोठ्या वाडग्यांसारखे, एकाला एक लागून. पायवाटेच्या कडेला छोटे छोटे खांब रोवलेत, इथे बेकरी, इथे शाळा, इथे शेतकऱ्याचं घर. मी बेकरीच्या खांबापाशी उभा राहिलो आणि समोर फक्त झाड. त्या गावाला वस्ती शून्य असूनही आजतागायत महापौर नेमतात, गाव कागदावर जिवंत ठेवलंय. अशी नऊ गावं त्या भागात उद्ध्वस्त झाली आणि त्यातली सहा परत कधी वसलीच नाहीत. उत्तरेत शेतकऱ्यांच्या नांगराला आजही दरवर्षी तोफगोळे लागतात, शेताच्या बांधावर काढून ठेवतात आणि लष्कराचे लोक येऊन उचलून नेतात. जमिनीचे काही पट्टे अजून बंद आहेत.

युद्ध पश्चिमेत बहुतांश फ्रान्स आणि बेल्जियमच्या मातीवर झालं, जर्मनीचे कारखाने शाबूत होते. माघार घेताना जर्मनांनी लांसच्या कोळशाच्या खाणी पाण्याने भरून टाकल्या. चौदा लाखांच्या आसपास फ्रेंच मेले. मग भरपाई मागणं यात सूड कुठला? १९१९ मध्ये जर्मन शिष्टमंडळ आगगाडीने आलं तेव्हा या उजाड भागातून गाडी मुद्दाम हळू चालवली होती, खिडकीतून सगळं दिसावं म्हणून. ते मी समजू शकतो.

आणि हेही सांगतो. स्ट्रासबुर्गला एका चौकात युद्धस्मारक आहे, १९३६ चं. अल्सेसची मुलं १९१४ मध्ये जर्मन गणवेशात लढली कारण तेव्हा तो जर्मनी होता. युद्धानंतर तो फ्रान्स झाला. मग स्मारकात सैनिक दाखवायचा तर कोणत्या गणवेशात? शिल्पकाराने एक आई बसवली आणि तिच्या मांडीवर दोन मरणारी मुलं, दोघेही उघडे. कपडेच नाहीत म्हणजे देश कळायचा प्रश्न नाही. मरताना दोघांचे हात एकमेकांच्या हातात आलेत. खाली फक्त 'आमच्या मृतांना'. बाकी फ्रान्सभर लिहितात तसं 'देशासाठी मेलेल्या' वगैरे इथे नाही. माझ्या बायकोला तिथून हलवेना.

झुळूक

नाना, हा प्रतिसाद मी दोनदा वाचला.

रेघोट्या

जर्मनीबद्दल खूप झालं, हंगेरीबद्दल कुणीच बोललं नाही. मी बुडापेस्टमध्ये राहते, सहा वर्षं झाली. ४ जून १९२० चा त्रियानॉनचा तह इथे अजून बातमीसारखा ताजा आहे. राज्याचा दोन-तृतीयांश भाग गेला आणि तीस लाखांहून जास्त हंगेरियन एका रात्रीत परदेशी झाले. रस्त्यात गाड्यांवर जुन्या मोठ्या हंगेरीच्या नकाशाचे स्टिकर दिसतात. मला आधी वाटायचं कसला तरी क्लबचा लोगो असेल! २०१० मध्ये ४ जून हा राष्ट्रीय ऐक्याचा दिवस म्हणून कायद्याने ठरवला आणि २०२० मध्ये संसदेसमोर एक उतरता बोगद्यासारखा रस्ता बांधला, दोन्ही भिंतींवर १९१३ सालची बारा हजारांहून जास्त गावांची नावं कोरलेली. वयस्कर लोक हाताने चाचपत आपलं गाव शोधतात.

पण न्यायाने सांगायचं तर गेलेल्या भागातले बहुसंख्य लोक हंगेरियन नव्हतेच, रुमानियन, स्लोव्हाक, सर्ब, क्रोएट होते, आणि त्यांच्या मुलांना हंगेरियन शाळांत काय वागवलं जायचं ते स्लोव्हाक माणसाला विचारा. माझी ऑफिसातली मैत्रीण स्लोव्हाकियातली हंगेरियन आहे. तिची पणजी एकाच घरात जन्मली आणि मेली आणि त्या घरावर चार राज्यं आली गेली. ती म्हणते आमच्याकडे सगळे दोन भाषा बोलतात आणि तिसरीत गप्प बसतात.

दुखणं कुठे आहे, तर सीमारेषेला अगदी लागून जे सलग हंगेरियन पट्टे होते तेही गेले, रेल्वेमार्ग पलीकडच्याला हवा म्हणून. अमेरिकेचा अध्यक्ष विल्सन स्वयंनिर्णय स्वयंनिर्णय म्हणत होता, पण तो कुणाला लागू आणि कुणाला नाही हे नकाशावरचे रूळ बघून ठरलं. सोप्रोन शहरात १९२१ मध्ये सार्वमत घेतलं, ते हंगेरीत राहिलं. बाकीच्यांना का नाही विचारलं?

दुर्बीण

रेघोट्या, स्वयंनिर्णय कुणाला लागू नव्हता त्याची यादी आशियातून सुरू करा. जपान विजेत्यांच्या बाजूला होता. बॅरन माकिनोने मागणी केली की राष्ट्रसंघाच्या करारनाम्यात वंशसमानतेचं तत्त्व घाला. ११ एप्रिल १९१९ ला मत घेतलं, १७ पैकी ११ बाजूने. अध्यक्षस्थानी विल्सन. म्हणाला अशा महत्त्वाच्या गोष्टीला एकमत लागतं, नामंजूर. याआधी काही गोष्टी बहुमताने झाल्या होत्या!

मग जपानला खूश करायला जर्मनीकडचा शांडोंग प्रांतातला हक्क जपानला दिला, चीनला परत द्यायच्या ऐवजी. चीनही विजेत्यांच्याच बाजूला होता, त्याचे १ लाख ४० हजारांच्या घरात मजूर युरोपात खंदक खणत, प्रेतं पुरत होते. ४ मे १९१९ ला बीजिंगमध्ये विद्यार्थी रस्त्यावर उतरले. आधुनिक चीनचं राजकारण त्या दिवसापासून मोजतात, कम्युनिस्ट पक्ष काढणारे त्याच चळवळीतून आले. चीनने व्हर्सायवर सही केली नाही.

इजिप्तचा राष्ट्रवादी पुढारी झगलूल पॅरिसला जाऊ द्या म्हणाला तर ब्रिटिशांनी मार्चमध्ये त्याला माल्टाला हद्दपार केलं, अख्खा इजिप्त पेटला. आणि पॅरिसमध्येच राहणाऱ्या एका व्हिएतनामी तरुणाने आपल्या लोकांच्या मागण्यांचा अर्ज दिला, कुणी विचारलं नाही, तो पुढे हो चि मिन्ह म्हणून जगाला माहीत झाला. पिंपळपान यांचा 'खोलीत कोण नव्हतं' हा मुद्दा मला म्हणून पटतो. युरोपचं भांडण १९४५ ला एकदाचं संपलं म्हणा, या बाकीच्यांचं तर तिथून पुढे कितीतरी वर्षं चाललं.

बखरवाला

आपण मात्र खोलीत होतो बरं का, हिंदुस्थानतर्फे लॉर्ड सिन्हा आणि बिकानेरच्या महाराजांनी व्हर्सायवर सही केली.

मृदगंध

बखरवाला, छोटी दुरुस्ती. सिन्हा शिष्टमंडळात होते, पण तहावर सही भारतमंत्री माँटेग्यू आणि महाराजा गंगासिंह यांची. आणि 'आपण' होतो म्हणणं मला जड जातं. डिसेंबर १९१८ च्या दिल्ली काँग्रेसने शांतता परिषदेसाठी निवडलेली नावं होती टिळक, गांधी आणि हसन इमाम. टिळक तेव्हा इंग्रज पत्रकार चिरोलवरच्या बदनामीच्या खटल्यासाठी लंडनमध्येच होते, पॅरिस रात्रीच्या प्रवासावर. पासपोर्ट दिला नाही. मग त्यांनी क्लेमांसोला परिषदेचा अध्यक्ष म्हणून पत्र लिहिलं आणि हिंदुस्थानला स्वयंनिर्णय मागितला. बासष्ट वर्षांचा माणूस, खटला हरलेला, प्रकृती खालावलेली, आणि खाडीपलीकडे जगाचे नकाशे आखले जातायत तिथे जायची परवानगी नाही. इकडे मार्चमध्ये रौलट कायदा, १३ एप्रिलला जालियनवाला. दहा लाखांवर हिंदी शिपाई आणि मजूर समुद्रापार पाठवले होते त्याचं हे उत्तर.

खोलीत माणूस असणं आणि लोकांचा माणूस असणं, पिंपळपान, तुमच्या सिद्धांतात हा फरक घाला.

तरी त्या सहीचा एक उपयोग झाला, हिंदुस्थान पारतंत्र्यात असून राष्ट्रसंघाचा मूळ सभासद झाला आणि १९४५ मध्ये संयुक्त राष्ट्रांचाही.

झुळूक

आणखी एक उपयोग मी सांगते, कारण सगळं वाईटच झालं असं नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना याच व्हर्सायच्या तहाच्या तेराव्या भागातून जन्मली आणि आजही चालू आहे. १९१९ च्याच ऑक्टोबरमध्ये वॉशिंग्टनला पहिली परिषद, आठ तासांचा दिवस हा पहिला ठराव. हिंदुस्थानच्या कामगारांतर्फे ना. म. जोशी गेले होते. आपल्या गिरण्यांसाठी त्यात सवलतीचं कलम घातलं, आठवड्याला ६० तास, म्हणजे तिथेही वेगळी पट्टी. पण ६० सुद्धा तेव्हा कमीच वाटावेत अशी गिरणीची स्थिती होती. माझे आजोबा गिरणीत होते, म्हणून हा भाग मला जवळचा.

निळावंती

लोझानचा तह राहिला. १९२० मध्ये तुर्कस्तानवर सेव्ह्रचा तह लादला, तो तुर्कांनी लढून उलथवला, आणि जुलै १९२३ मध्ये लोझानला बरोबरीने बसून नवा केला. मोठ्या तहांमधला हा एकच असा की हरलेला म्हणवणारा वाटाघाटीला समोर बसला होता, आणि तो टिकलाही. पिंपळपान यांच्या बाजूने हे सगळ्यात भक्कम उदाहरण.

पण त्याची किंमत बघा. ग्रीस आणि तुर्कस्तानने लोकांची अदलाबदल ठरवली, सक्तीची. बारा लाखांच्या आसपास ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन ग्रीसला, त्यातले बहुतेक आधीच्या वर्षी स्मिर्ना जळालं तेव्हाच पळालेले, आणि साडेतीन-चार लाख मुसलमान तुर्कस्तानला. निकष फक्त धर्म. त्यामुळे झालं काय, अनातोलियातले तुर्की बोलणारे, ग्रीकचा एक शब्द न येणारे ख्रिश्चन 'मायदेशी' ग्रीसला गेले, आणि क्रीटमधले ग्रीक बोलणारे मुसलमान तुर्कस्तानात. ज्या गावात उतरले तिथे त्यांना 'बाटगे तुर्क', 'अर्धे काफर' असं ऐकावं लागलं. दोन्ही देशांची सरकारं खोलीत होती, सही दोघांनी राजीखुशीने केली, आणि ज्यांची घरं सुटली त्यांना कुणी विचारलं नाही. नंतरच्या राज्यकर्त्यांनी हेच उदाहरण दाखवून माणसं हलवली.

कोरांटी

एका गोष्टीचं नाव कुणीच घेतलं नाही आणि ती मला या सगळ्यात सगळ्यात आवडते, श्लेस्विग. डेन्मार्क आणि जर्मनीच्या मधला पट्टा, १८६४ पासून भांडणाचा. व्हर्सायच्या तहात तिथे सार्वमत घ्यायचं ठरलं. १० फेब्रुवारी १९२० ला उत्तर भागात घेतलं, चारातले तीन डेन्मार्ककडे. १४ मार्चला दक्षिणेच्या पट्ट्यात, तिथे ऐंशी टक्के जर्मनीकडे, फ्लेन्सबुर्ग शहरसकट. डेन्मार्कमध्ये पुष्कळांना फ्लेन्सबुर्ग हवंच होतं, जर्मनी पडलाय तर घेऊन टाका म्हणत होते, राजा ख्रिश्चन दहावा याने त्यासाठी सरकार बडतर्फ केलं आणि देशात मोठं वादळ झालं. पण शेवटी मतं पडली तशीच सीमा ठेवली. ज्याला घेता आलं असतं त्यानेच कमी घेतलं.

ती सीमा १९२० पासून तिथेच आहे. १९४० मध्ये हिटलरने डेन्मार्क व्यापला तेव्हाही ती हलवली नाही, आणि १९४५ मध्ये जर्मनी पुन्हा पडला तेव्हा डेन्मार्कनेही हलवली नाही. १९५५ मध्ये दोन्ही देशांनी आपापल्याकडच्या अल्पसंख्याकांना शाळा, भाषा वगैरेची हमी दिली. आज फ्लेन्सबुर्गमध्ये डॅनिश शाळा आहेत आणि पलीकडे जर्मन. मी दोन वर्षं त्या भागात शिकले. सायकलवरून सीमा ओलांडायचो, मधे एक लाकडी पूल आणि एक दगड. पहिल्यांदा गेले तेव्हा कळलंच नाही, पुलावरून पुढे गेल्यावर पाटीची भाषा बदलली तेव्हा लक्षात आलं.

पूर्ण न्याय झाला असं नाही, टोंडर गावाने बहुमताने जर्मनी मागितला होता पण उत्तर भागाची मतं एकगठ्ठा मोजली म्हणून ते डेन्मार्कमध्ये गेलं.

पिंपळपान

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. मृदगंध यांचा फरक आणि निळावंती यांचं लोझान वाचून माझं मत मला बदलावं लागतंय. पुढारी खोलीत असला म्हणून माणसं सुटत नाहीत. कोरांटींच्या उदाहरणात मात्र ज्यांच्या दारावरून रेघ जायची होती त्यांच्या हातात चिठ्ठी दिली होती. मला जे शब्दांत पकडता येत नव्हतं ते बहुधा हेच.

आणि दुसरी गोष्ट, खडीसाखर यांच्या रोख्यांवरून. पॅरिसच्या लोकांनी जो तह केला तो राबवायला कुणी उरलाच नाही. अमेरिकेच्या सिनेटने तो नोव्हेंबर १९१९ आणि मार्च १९२० असा दोनदा फेटाळला, विल्सनला ऑक्टोबरमध्येच पक्षाघाताचा झटका आलेला, त्याने तडजोड करू दिली नाही. अमेरिकेची हमी गेली तशी ब्रिटनचीही फ्रान्सला दिलेली हमी गळाली, कारण ती अमेरिकेच्या हमीला बांधलेली होती. फ्रान्स एकटा पडला, कर्ज फेडायचं अमेरिकेला आणि भरपाई घ्यायची जर्मनीकडून. १९३६ मध्ये तहाने फौजांना बंदी केलेल्या ऱ्हाइनलंडमध्ये जर्मन फौजा घुसल्या तेव्हा कुणी बोट उचललं नाही. तुलनेत १९४५ नंतर अमेरिका थांबली, युरोप पुन्हा उभा करायला मार्शल योजनेचे सुमारे १३ अब्ज डॉलर ओतले, आणि १९५३ च्या लंडन करारात जर्मनीचं कर्ज निम्म्यावर आणलं. मला वाटतं तेव्हाचे लोक १९१९ वरूनच शिकले होते.

खडीसाखर

शिकले हे खरं, पण १९४५ ला फार ओवाळू नका. तेव्हा जर्मनीबरोबर शांततेचा तह झालाच नाही, शेवटचा कागद झाला तो १९९० मध्ये. १९१९ ला माणसं जागेवर ठेवून सीमा हलवल्या. १९४५ ला सीमा हलवून माणसंही हलवली, एक कोटीहून जास्त जर्मन पूर्व युरोपातून हाकलले गेले, रस्त्यात कित्येक मेले. आज पोलंड-जर्मनी सीमा शांत आहे त्यात हेही आहे.

आणि ते १९५३ चं कर्ज. त्यात भरपाईपायी काढलेल्या १९२४ आणि १९३० च्या कर्जरोख्यांचं काही थकीत व्याज जर्मनी एक होईल तेव्हा बघू म्हणून बाजूला ठेवलं होतं. १९९० ला एक झाला, मग वीस वर्षं हप्ते. शेवटचा हप्ता ३ ऑक्टोबर २०१० ला भरला. माझे विद्यार्थी विचारतात मॅडम खरंच २०१०? खरंच.

नाना वाटाड्या

त्या वर्षी मी तिथेच होतो. स्थानिक पेपरात आतल्या पानावर चार ओळी आल्या होत्या.

आडवाट

मी नवीन सदस्य, गेले तीन दिवस हा धागा वाचतोय, पहिल्यांदाच लिहितोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

माझ्या पणजोबांचे धाकटे भाऊ पलटणीत होते. पुणे डिव्हिजन इराकमधल्या कुटला वेढ्यात अडकली त्यात तेही. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली आणि कैदी चालवत नेले, त्यानंतर काही कळलं नाही. घरी बऱ्याच वर्षांनी एक काशाची गोल तबकडी आली, बशीएवढी, हातात घेतली की जड लागते. तिच्यावर एक बाई आणि एक सिंह, आणि चौकटीत त्यांचं नाव इंग्रजी अक्षरांत उठवलेलं, हुद्दा वगैरे काही नाही, फक्त नाव. कडेने इंग्रजीत लिहिलंय की तो स्वातंत्र्य आणि सन्मानासाठी मेला. सगळ्या मृतांच्या घरी अशीच तबकडी गेली म्हणतात, इंग्रज असो की हिंदी.

पणजीला इंग्रजी येत नव्हतं. माझे आजोबा शाळेत जायला लागले तेव्हा तिने त्यांना ती वाचायला लावली. त्यांनी 'फ्रीडम' म्हणजे स्वातंत्र्य असं सांगितलं, तर ती म्हणाली, कुणाचं? आजोबा तेव्हा नऊ वर्षांचे होते, त्यांना सांगता आलं नाही. ही गोष्ट ते आम्हाला पुन्हा पुन्हा सांगायचे.

जिथे ते मेले असतील तो मुलूख, इराक, १९२० मध्ये सान रेमोच्या परिषदेत ब्रिटिशांच्या ताब्यात दिला. त्याच वर्षी तिथले लोक उठले आणि ते बंड मोडायला पाठवलेल्या फौजेत बहुतेक हिंदी शिपाईच होते. ते मी या धाग्यामुळे शोधताना वाचलं. तबकडी आता माझ्याकडे आहे. उद्या उजेडात फोटो काढून टाकतो, नावाचं स्पेलिंग बरंच वेगळं लिहिलंय, कुणाला पलटणीच्या याद्या वाचता येत असतील तर मला मदत हवी आहे.

मृदगंध

आडवाट, फोटो नक्की टाका. मला याद्या बघता येतात थोड्याफार. गाव आणि तालुका माहीत असेल तर व्यक्तिगत निरोप (व्यनि) करा, बसरा स्मारकाच्या नावांपासून सुरुवात करू.